परत येणार कशावरून?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पन्नास माणसं जमली, की त्यांच्या घरच्या कपाटांत दोन-तीन तऱ्हेचे पासपोर्ट निघतात. बहुतेकांचे ब्रिटिश. माझ्यासारख्या काही जणांचे अजून भारतीय. का, ते विचारू नका. आमच्या घरात त्या विषयावर पुष्कळ बोलून झालं आहे. अलीकडे इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या तरुण मुलांचे अर्थात भारतीयच. एरवी हा फरक जाणवत नाही. जाणवतो तो कुणीतरी "ईस्टरला चार दिवस बार्सिलोनाला जाऊ या" म्हणतं तेव्हा. बाकीचे लगेच विमानांची भाडी बघू लागतात आणि एखादी चुलतबहीण गप्प बसते. तुम्ही इथे जन्मलेले असाल, तर ती का गप्प बसली हे कदाचित तुमच्या लक्षातही येणार नाही. हा लेख थोडा तिच्यासाठी आहे, थोडा तुमच्यासाठी, आणि बराचसा माझ्या पुतण्याबद्दल, ज्याच्या व्हिसाच्या फायलीत मी २०२३ साली तीन महिने डोकं घालून बसलो होतो.

पुतण्याची कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. 'फौंड्री' हा तिथला मराठी शब्द. 'ओतशाळा' वगैरे फक्त माझ्यासारखे प्राध्यापक म्हणतात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती सुरू केली. दोन भट्ट्या, बावीस माणसं, पंपांचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे भाग. बीड ओततात ते वाळूच्या साच्यात. कास्टिंग गार झालं की साचा फोडायचा. वाळूच्या कणांवर जळक्या रसायनाचा थर बसलेला असतो, म्हणून त्यातली बरीचशी वाळू टाकून द्यावी लागते. टाकायची कुठे, हा कोल्हापूरच्या सगळ्याच फौंड्रीवाल्यांना छळणारा प्रश्न आहे. जागा नाही, नियम कडक झालेत, आणि नवी वाळू दर वर्षी महाग. वाळू घासून किंवा तापवून तिच्यावरचा थर काढणारी यंत्रं मिळतात. ती एका जागी, चालू अवस्थेत बघायची, तर जर्मनीत ड्युसेलडॉर्फला 'गिफा' नावाचं ओतकामाचं प्रदर्शन भरतं तिथे. ते भरतं चार वर्षांतून एकदा. २०२३ साली ते १२ ते १६ जूनला होतं. ते हुकलं असतं तर पुढचं २०२७ला.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "काका, तुम्ही एक पत्र द्या. तुम्ही एवढे डॉक्टर, तिकडंच राहता. तुमच्या पत्रावर काम होईल."

काम होणार नव्हतं. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, कधीच नव्हतं, आणि इंग्लंडातल्या काकाच्या पत्राला जर्मन कॉन्सुलेटच्या टेबलावर रद्दीपेक्षा जास्त किंमत नाही. आपल्यापैकी अनेक जण भारतातल्या नातेवाइकांना मोठ्या प्रेमाने अशी पत्रं पाठवतात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. पण खरी अडचण निराळी होती, आणि ती त्याने दुसऱ्या फोनवर सांगितली. आदल्या वर्षी त्याला एकदा नकार मिळालेला होता.

झालं असं होतं, की युरोपातल्या एका देशात (नाव घेत नाही, त्या देशाचा काही दोष नव्हता) त्याला एक यंत्र बघायला जायचं होतं. एजंट म्हणाला, बिझनेस व्हिसाला कागद फार लागतात, आपण टुरिस्टवर टाकू, बायकोलाही घ्या. हॉटेलं बुक केली आणि अर्ज दिल्यावर रद्द केली. फिरण्याचा कार्यक्रम एजंटच्या काँप्युटरमध्ये तयारच होता, पाच दिवसांत चार शहरं. नकाराचा छापील फॉर्म आला. त्यात दोन चौकोनांत खुणा होत्या : मुक्कामाचा हेतू पटत नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

ही दुसरी खूण त्याला लागली होती. "मी काय पळून जाणार होय काका? भट्टी हितं, आई हितं, बावीस माणसांचा पगार हितं."

त्याला मी काही बोललो नाही, पण तुम्हाला सांगतो. ही शंका हवेतून आलेली नाही. मी १९७०च्या दशकात पीएचडीला आलो, तेव्हा भारतीयांना ब्रिटनचा व्हिसा लागत नसे. तो १९८६ साली आला. मी तीन वर्षांसाठी आलो होतो. तिकिटाचे पैसे दादाने दिले होते, फौंड्रीच्या भांडवलातून. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्याही घरात तेच झालं. सगळं कायदेशीर, रीतसर, आणि तरीही आपण परत गेलो नाही. "परत येणार कशावरून?" हा प्रश्न आपल्याला विचारायला कुणी टेबलामागे बसलं नव्हतं. तो आता आपल्या पुतण्यांना विचारला जातो.

आता थोडं व्हिसाबद्दल, कारण यात आपल्या लोकांचे गैरसमज फार आहेत.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग तिथे एकमेकांना भेटतात. १४ जून १९८५ला पाच देशांनी नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर करारावर सह्या केल्या. आपसातली तपासणी प्रत्यक्षात उठली ती १९९५च्या मार्चमध्ये. आज त्यात २९ देश आहेत. आयर्लंड नाही, आणि युरोपीय संघात नसलेले स्वित्झर्लंड-नॉर्वे आहेत. म्हणून युरोपीय संघ आणि शेंगेन एकच समजू नका.

'बिझनेस व्हिसा' असा वेगळा शिक्का नसतो. थोड्या मुदतीचा व्हिसा एकच, 'सी' प्रकारचा; १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फिरायला जा, नातेवाइकांकडे जा, प्रदर्शनाला जा, स्टिकर तोच. बदलतो तो हेतू, आणि हेतूप्रमाणे कागद. एजंट म्हणाला ते अर्धं खरं होतं : बिझनेसला कागद जास्त लागतात. पण माणूस खरोखर धंद्यासाठी जात असेल, तर ते सगळे कागद त्याच्या ऑफिसच्या कपाटात आधीच पडलेले असतात. खोटे कागद जमवायलाच खरी मेहनत लागते.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे मुख्य काम किंवा जास्त दिवस मुक्काम, तिथे. सगळीकडे सारखंच असेल तर जिथे प्रथम उतरणार तिथे. "अमुक देश लवकर देतो" म्हणून तिथून घ्यायचा आणि जायचं दुसरीकडेच, हा सल्ला दर दिवाळीत मला कुणीतरी देतं. विमानतळावरचा अधिकारीही तेवढाच हुशार असतो.

आणि भारतातून तुमचे आईवडील किंवा सासू-सासरे इथे सहा महिन्यांसाठी येणार असतील, आणि "आले की पॅरिस दाखवू" असा तुमचा बेत असेल, तर हे वाक्य दोनदा वाचा : शेंगेनचा अर्ज आपण जिथे कायदेशीर रहिवासी आहोत तिथूनच करायचा असतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस इथला रहिवासी नव्हे. अपवाद असतात, पण त्यासाठी इथूनच अर्ज का करावा लागतोय हे पटवून द्यावं लागतं. म्हणजे त्यांचा शेंगेन व्हिसा निघण्यापूर्वी मुंबई-पुण्यातून घेऊन ठेवायला हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि अर्ज केंद्राची अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस यात धरलेले नाहीत.

पुतण्याच्या बाबतीत पहिला प्रश्न होता, जुना नकार सांगायचा का? एजंटचं (नवा होता, पण जात तीच) म्हणणं, गप्प बसा. मी म्हटलं, अरे, बोटांचे ठसे दिलेस ना? शेंगेनची एक सामाईक यंत्रणा आहे. तिच्यात ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात आणि अर्जाची नोंद, नकारासकट, पाच वर्षांपर्यंत राहते. तू सांग किंवा नको सांगू, त्यांना ते दिसणारच आहे. मग आपणच आपल्या शब्दांत का सांगू नये?

त्याने पाठवलेलं पत्र मी वाचलं. "आय हंबली रिक्वेस्ट युवर गुड सेल्फ" इथपासून सुरुवात. दोन पानं. त्यात जर्मनीच्या प्रगतीची स्तुती होती, भारत-जर्मनी मैत्री होती, फक्त वाळूचा उल्लेख नव्हता. पन्नास वर्षं मी विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासले. पहिल्या प्रकरणात जगाचा इतिहास सांगणाऱ्या मुलाला आपला प्रश्न काय आहे हे अजून कळलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. मी ते परत पाठवलं आणि म्हटलं, मराठीत लिही. मला पत्र लिहितोयस असं लिही. काय ओततोस, महिन्याला वाळू किती टाकतोस, कुठली यंत्रं बघायची आहेत, कुणाशी बोलायचं ठरलंय, तू नसताना भट्टी कोण बघणार, आणि तू कधी येणार.

आठ दिवसांनी एक पान आलं. उत्तम होतं. टाकलेल्या वाळूचे टन होते, जुन्या वर्षीची चूक एका परिच्छेदात साधेपणाने सांगितलेली होती : मी चुकीच्या हेतूखाली अर्ज केला, हॉटेलची बुकिंगं खरी नव्हती, या वेळी सगळे कागद तपासून बघता येतील. आणि शेवटी, "२० जूनला मला फौंड्रीत असलंच पाहिजे, कारण २१ तारखेला पंपवाल्यांचा माल जायचा आहे आणि मिस्त्री सुट्टीवर आहे." मी त्यात एक शब्द बदलला नाही, फक्त इंग्रजी केलं. त्या ऑर्डरची प्रत सोबत जोडली.

बाकीचे कागद भराभर सांगतो. यंत्र बनवणाऱ्या तिथल्या एका छोट्या कारखान्याचं निमंत्रण. त्यात त्याचं नाव पासपोर्टावर आहे तसंच, तारखा, भेटीचं कारण, आणि खर्च कोण करणार हे असायला हवं. प्रदर्शनाचं तिकीट. फौंड्रीची उद्यम आणि जीएसटी नोंदणी, धंद्याचं आणि घरचं बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर. निदान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा वैद्यकीय विमा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. विमानाचं नुसतं आरक्षण. पैसे भरून तिकीट काढायचं ते व्हिसा हातात आल्यावर. बँकेबद्दल एकच : अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून पाच लाख आणून खात्यात टाकू नका. आयुष्यभर आकडे बघणाऱ्या माणसाला तो फुगवटा लगेच दिसतो. आमच्या पुतण्याच्या खात्यात दर महिन्याच्या सात तारखेला पगारानंतर खडखडाट होता. तसाच राहू दिला. फौंड्री अशीच चालते.

त्याच आठवड्यात मलाही जर्मनीत एका बैठकीला बोलावलं होतं, म्हणून मी इथून अर्ज केला. काउंटरवरच्या मुलीने यादी बघून विचारलं, "नोकरी देणाऱ्याचं पत्र?" मी म्हटलं, मी निवृत्त आहे. ती म्हणाली, मग बिझनेस कसा? प्रश्न रास्त होता. निमंत्रणाचं पत्र आणि पेन्शनचे कागद दाखवले, ते पुरले. माझ्या पासपोर्टात आधीचे, नीट वापरलेले व्हिसे होते, म्हणून मला अनेक वेळा ये-जा करण्याचा दोन वर्षांचा मिळाला. ज्याला खरोखर काहीतरी विकत घ्यायचं होतं, त्या पुतण्याला दहा दिवसांचा, एकदाच आत जाण्याचा.

पण मिळाला! मेच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट घरी आला आणि त्याने स्टिकरचा फोटो पाठवला. वहिनींनी तो पासपोर्ट देवापुढे ठेवला, त्यावर कुंकू सांडू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून. लगेच दुसरा फोन : "काका, ४ जुलैपर्यंत राहता येतंय की!" हे नीट समजून घ्या, कारण इथे सुशिक्षित माणसंही फसतात. स्टिकरवर 'पासून-पर्यंत' अशा दोन तारखा असतात, आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. त्याचं होतं १० जून ते ४ जुलै, आणि दिवस १०. दिवसांवरचे हे पंधरा जास्तीचे दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर असावेत म्हणून नियमानेच दिलेले असतात. राहायचं दहाच दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात मोजायचे.

हीच मोजणी आता, ब्रेक्झिटनंतर, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही लागू आहे. तुम्हाला व्हिसा लागत नाही, पण ९० दिवसांची मर्यादा आहेच, आणि ती कॅलेंडरच्या सहामाहीप्रमाणे नाही. कुठल्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस होतो ते बघायचं. स्पेनमध्ये हिवाळा काढणाऱ्या माझ्या दोन मित्रांना हे मी कागदावर रेघा मारून शिकवलं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी ठसे आणि चेहरा घेणारी नवी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे हिशेब आता मशीन ठेवणार. ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटिश माणसाबरोबर जाणाऱ्या भारतीय नवऱ्याला किंवा बायकोला हा व्हिसा फुकट आणि सवलतीने मिळे. ती सोय गेली. आपल्यातल्या अनेक जोडप्यांना हे विमानतळावरच्या दोन रांगांतून कळलं.

पुतण्या १९ जूनला परतला. २१ तारखेचा माल गेला. मी ड्युसेलडॉर्फला त्याला एक दिवस भेटलो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्याने मला एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये फिरवलं आणि बसू दिलं नाही. एका यंत्रातून निघालेली वाळू त्याने मुठीत घेतली, चोळली, वास घेतला. दादा तसाच घ्यायचा. दादा कधी कोल्हापूर सोडून लांब गेला नाही. मी त्याला इकडे बोलावत राहिलो आणि तो "भट्टी कोण बघणार" म्हणत राहिला. पुतण्याने तिथे नवं यंत्र काही घेतलं नाही. किंमत ऐकून आम्ही दोघेही बाजूच्या स्टॉलवरच्या फुकटच्या कॉफीकडे वळलो. पण त्याने टिपणं घेतली, माप घेतलं, आणि शिरोलीच्याच एका वर्कशॉपला हाताशी धरून वाळू घासणारं एक लहान यंत्र बनवून घेतलं. ते खूप आवाज करतं आणि टाकून द्यायची वाळू पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे.

तेव्हा फी ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झाली आहे. नकार आला तरी ती परत मिळत नाही. नकारावर त्याच कॉन्सुलेटकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची जी सोय जर्मनीने दिली होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज करा किंवा कोर्टात जा. म्हणून पहिला अर्जच नीट हवा. उलट बाजूला एक चांगली गोष्टही आहे : भारतात राहणाऱ्या आणि तिथूनच अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळून नीट वापरलेले असले, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. इथे राहणाऱ्या माझ्यासारख्या भारतीयांना हे लागू नाही, आमची शिडी जुनीच.

२०२७च्या 'गिफा'ला पुतण्याला त्याच्या मुलाला बरोबर न्यायचं आहे. तेव्हा तो नुकताच इंजिनियर झालेला असेल. वय बाविशीचं, लग्न नाही, नोकरी नाही, स्वतःचं आयटीआर नाही. "हा परत येणार कशावरून?" असं ज्याच्याबद्दल सगळ्यात आधी मनात येईल, असाच अर्ज. पुतण्या म्हणतो, फौंड्रीत त्याला आत्तापासून पगारावर घेतो, म्हणजे तोवर दोन वर्षांचा कागद तयार होईल. मी विचारलं, त्याला फौंड्रीत यायचं आहे का, की त्याला तिकडेच पुढे शिकायचं आहे? फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, "त्याला विचारून सांगतो काका."

मुलाला मी सांगितलं आहे, पत्र तूच लिही, आधी मराठीत, आणि जे खरं असेल ते. अजून आलेलं नाही.